अंकुराची वाढ

कागदावर रेखाटलेले हरिण चौखूर उधळते, मातीची बाहुली मान वळवून पाहते, निर्जीव वस्तू आपोआप चालू लागतात, हे दृश्य आजच्या मुलांच्या चांगलेच परिचयाचे आहे. या कलेला आपण अ‍ॅनिमेशन म्हणतो. तिचे मर्म थोडक्यात असे : चित्र खरोखर हलत नसते. किंचित फरक असलेली अनेक स्थिर चित्रे एकापाठोपाठ एक वेगाने डोळ्यांपुढून सरकतात आणि आपला मेंदू ती जोडून त्यांत गती पाहतो. मूकपटांच्या काळी एका सेकंदात साधारणपणे सोळा चित्रे पडद्यावरून जात. एका मिनिटाच्या खेळाला अशी ९६० चित्रे लागत. म्हणजे ही कला शिकणाऱ्याजवळ कल्पकता तर हवीच. पण तिच्यापेक्षा अधिक हवा तो न कंटाळण्याचा गुण. आपल्या देशात या विद्येचे अगदी आरंभीचे प्रयोग ज्यांनी केले, त्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्या अंगी हा गुण किती होता, ते त्यांच्या चरित्रावरून कळून येते. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या तीर्थक्षेत्री झाला. त्यांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. घरातील वळण पोथीपुराणांचे आणि पाठांतराचे; परंतु धुंडिराजाचा ओढा मात्र रंग, माती आणि नाना तऱ्हेच्या हस्तकौशल्याकडे होता. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब मुंबईस आले, आणि १८८५ साली धुंडिराजाने तेथील जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम व वास्तुकला यांचा अभ्यास केला. तेथेच छायाचित्रणाची गोडी त्यांना लागली. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर हे गुणग्राही गृहस्थ होते. या विद्यार्थ्याची हौस ओळखून त्यांनी त्याला उत्तेजन दिले.

शिक्षण झाले, तरी जीवनाची वाट सरळ नव्हती. दादासाहेबांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा मांडला. पण छायाचित्र काढल्याने माणसाची शक्ती यंत्रात ओढली जाते, अशी समजूत त्या काळी लोकांत होती. गिऱ्हाईक फिरकेना. त्यातच प्लेगच्या साथीत पत्नी व मूल यांचा वियोग झाला. असा घाव सोसूनही त्यांनी शिकणे सोडले नाही. ते जादूचे प्रयोग शिकले. पुरातत्त्व खात्यात त्यांनी छायाचित्रकाराचे काम केले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापखान्यासाठी ठसे तयार केले. नंतर स्वतःचा छापखाना काढला आणि रंगीत छपाईचे तंत्र व यंत्रे मिळवण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपास आला. परंतु भागीदारांशी मतभेद झाल्यामुळे त्यांनी तोही सोडला.

लोकांना वाटले, हा मनुष्य हुशार खरा, पण धरसोड वृत्तीचा. वयाची चाळिशी उलटली तरी याचे बस्तान बसले नाही. वरवर पाहता तसेच दिसत होते. मात्र चित्रकलेने त्यांना रचना शिकवली होती, छायाचित्रणाने प्रकाशाची पारख दिली होती, जादूने प्रेक्षकांची नजर कशी खिळवावी हे दाखवले होते आणि छापखान्याने रसायनांची व यंत्रांची ओळख करून दिली होती. या साऱ्या विद्या एकत्र येतील असे एखादे काम तेवढे सापडायचे होते.

ते काम १९११ च्या सुमारास सापडले. मुंबईतील एका तंबूतील चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र उलगडत होते आणि दादासाहेबांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या देशातील कथा, आपल्या देशातील माणसांनी, अशाच हलत्या चित्रांतून का सांगू नयेत, हा विचार त्या दिवसापासून त्यांना स्वस्थ बसू देईना.

परंतु ही विद्या शिकवणार कोण? तिची शाळा नव्हती, गुरू नव्हता. दादासाहेबांनी पडद्यालाच गुरू केले. रोज चार-चार, पाच-पाच तास ते मिळेल तो चित्रपट पाहत. घरी आल्यावर एक लहानसा कॅमेरा, काही फिती, मेणबत्ती आणि भिंग एवढ्या सामग्रीवर भिंतीवर चित्रे पाडून ती कशी हलतात याचा शोध घेत. पुस्तके व सूचिपत्रे मागवून ती रात्र रात्र वाचत. उत्पन्न थांबले. घरातील चीजवस्तू एकेक करून विकली जाऊ लागली. विश्रांती नसल्यामुळे त्यांच्या डोळ्यांवर इतका ताण पडला की, काही काळ दृष्टीच गेली! चित्रकाराला यापरते संकट ते कोणते? सुदैवाने एका नेत्रवैद्याच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने हळूहळू दिसू लागले. दुसरा कोणी असता, तर त्याने या निमित्ताने तो नाद सोडला असता. दादासाहेब दृष्टी परत येताच पुन्हा कामाला लागले.

पाहून जेवढे शिकता येण्यासारखे होते, तेवढे शिकून झाले. पुढचे शिक्षण इंग्लंडमध्येच मिळणार होते. आपल्या विम्याच्या पॉलिसी मित्राकडे गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे ते वाचक होते, तेवढाच आधार. ते थेट त्या साप्ताहिकाच्या संपादकांकडे गेले. संपादकांनी प्रथम त्यांना धोका समजावून सांगितला. पण पाहुण्याची निष्ठा पाहून त्यांची सेसिल हेपवर्थ या प्रसिद्ध निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या चित्रपटशाळेतील सारी खाती त्यांना दाखवली. कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि इतर साहित्य यांची खरेदी ठरवून दादासाहेब १ एप्रिलला मायदेशी परतले. अवघ्या दोन महिन्यांत त्यांनी ही विद्या पदरात पाडून घेतली होती.

आता अडचण भांडवलाची. भारतात चित्रपट तयार होऊ शकतो, यावर धनिकांचा विश्वास कसा बसावा? मोठा चित्रपट काढायला पैसा नाही आणि चित्रपट दाखवल्यावाचून पैसा मिळणार नाही, असा हा पेच होता. दादासाहेबांनी तो एका कुंडीने सोडवला. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसवला. नंतर ठरावीक अंतराने ते त्या कुंडीचे एकेक चित्र घेत गेले. महिन्याहून अधिक काळ हा क्रम चालू होता. माती दुभंगणे, अंकुर वर येणे, पाने फुटणे, वेल चढणे या साऱ्या अवस्था फितीवर उतरत गेल्या. ती फीत यंत्रावर चढवली, तेव्हा कित्येक दिवसांची वाढ सुमारे एका मिनिटात डोळ्यांपुढे घडली. बी जणू झोपेतून जागे होऊन आळोखेपिळोखे देत उठत होते. या लहानशा पटाला त्यांनी ‘अंकुराची वाढ’ असे नाव दिले. निवडक मंडळींना तो दाखवण्यात आला, आणि जे काम शब्दांनी झाले नव्हते ते त्या वेलाने केले. दादासाहेबांना कर्ज मिळाले.

या प्रयोगातील एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. दादासाहेबांच्या मनात पुराणातील भव्य कथा होत्या. परंतु आरंभ त्यांनी वाटाण्याच्या दाण्यापासून केला. हाती घेतलेले काम लहान होते, पण ते त्यांनी अखेरपर्यंत नेले. पुऱ्या झालेल्या त्या लहान कामाने इतरांचा विश्वास मिळवला, आणि पुढच्या मोठ्या कामाची वाटही मोकळी केली.

‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाची सिद्धता मुंबईत दादर येथे सुरू झाली. या उद्योगात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा फार मोठा होता. त्यांनी आपले दागिने दिले, आणि स्वतः तंत्रही शिकून घेतले. परदेशातून येणाऱ्या कोऱ्या फितीला भोके नसत. अंधाऱ्या खोलीत बसून यंत्राने ती पाडावी लागत. फीत धुण्यासाठी रसायने मिसळावी लागत. ही कामे सरस्वतीबाईंनी केली, आणि शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही सांभाळला. चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांबीचा झाला. फितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात, हे लक्षात घेऊन मुलांनी स्वतः गुणाकार करून पाहावा. जवळजवळ साठ हजार चित्रांचा तो संसार होता! ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो प्रथम प्रदर्शित झाला. संपूर्ण लांबीचा पहिला भारतीय चित्रपट म्हणून तो ओळखला जातो.

यश मिळाले, तोच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, कच्च्या मालाची आवक अनिश्चित झाली. मोठ्या चित्रपटांचे काम खोळंबले. अशा वेळी हात बांधून बसणे दादासाहेबांच्या स्वभावात नव्हते. घरोघरी असणारी आगपेटी त्यांनी पुढे ओढली आणि १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा लहान पट तयार केला. काडी मांडावी, एक चित्र घ्यावे. ती केसभर सरकवावी, पुन्हा एक चित्र घ्यावे. अशा रीतीने निर्जीव काड्या पडद्यावर चालू लागल्या, नाना आकार धरू लागल्या. मध्येच हाताचा धक्का लागला, तर झालेले श्रम वाया जाण्याची भीती असे. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली हाताने काढलेल्या चित्रांचा हलता पट केला होता. त्यानंतर काही वर्षांतच, साधनांची वाण असताना, आपल्याकडेही ही विद्या अंकुरली. तो पट आज पाहावयास मिळत नाही. पण त्याची नोंद इतिहासात राहिली आहे.

पुढे ‘लंका दहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली. जी विद्या आपण कष्टाने शिकलो ती झाकून ठेवावी, असे मात्र त्यांना वाटले नाही. चित्रपट कसे तयार होतात, हे समजावून सांगणारा एक पटही त्यांनी काढला आणि आपली धडपड लेखांतून लोकांपुढे मांडली.

त्यांचे सारेच दिवस वैभवाचे होते, असे म्हणता येणार नाही. भागीदारांशी वाद झाले, काही काळ ते काशीस जाऊन राहिले. चित्रपट बोलू लागले तेव्हा मूकपटांचा जमाना सरला, आणि जुन्या कारागिरांना नव्या जगात जागा उरली नाही. तरीसुद्धा वयाच्या पासष्टीनंतर कोल्हापुरात त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट दिग्दर्शित केला. तो १९३७ साली पूर्ण झाला. ज्याने मूकपटाची विद्या देशात रुजवली, तो वृद्धपणी बोलपटाचे तंत्र नव्याने शिकण्यास लाजला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे देहावसान झाले. त्यांच्या स्मरणार्थ भारत सरकारने १९६९ साली त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला.

आज चित्रे हलती करण्याची साधने विपुल झाली आहेत. तरी शिकणाऱ्याचा कंटाळा कोणतेही यंत्र दूर करू शकत नाही. दहा चित्रे काढून झाली की हात दुखतो, शंभर झाली तरी पडद्यावर काही क्षणांचीच हालचाल दिसते आणि मन खट्टू होते. अशा वेळी वाटाण्याच्या त्या कुंडीची आठवण ठेवावी. रोज पाहणाऱ्याला वेल वाढताना दिसत नव्हता. तरीही तो वाढत होता, आणि दादासाहेब नित्यनेमाने पुढचे चित्र घेत होते.