पंडिता रमाबाई लंडनांत

सन १८८३ त पंडिता रमाबाई वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथें भगिनींच्या मठांत त्यांचा अभ्यास चाले. तेथून त्यांस लंडनच्या फुलहॅम भागीं सेवाकार्य पाहावयास पाठविलें. एवढ्या अफाट शहरांत पाहण्याजोगें काय थोडें होतें? पण बाईंचें चित्त खिळलें पतित स्त्रियांच्या आश्रमावर. ज्यांस आपल्याकडे कोणी उंबऱ्याशीं उभें करीत नसे, त्यांस तेथें मायेनें वागवीत. हें कशामुळें, असें त्यांनीं विचारतां एका भगिनीनें योहानाच्या ४ थ्या अध्यायांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्याच वर्षीं २९ सप्टेंबरास त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून (आमचा गोंदियाकडील मुलूख तेव्हां त्यांतच होता) निराधार मुली आणिल्या. आणि केडगांवीं पतित स्त्रियांसाठीं कृपासदन उघडलें.