अरविंद घोष : अलीपूरची कोठडी

अरविंद घोषांच्या चरित्राचे राजकारणी व योगी असे दोन खंड पाडण्याचा प्रघात आहे. तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

१५ ऑगस्ट १८७२ रोजी कलकत्त्यात जन्म, सातव्या वर्षी विलायतेस प्रयाण, १८९३ पासून बडोदे संस्थानची नोकरी, हा भाग सुपरिचित आहे. १९०६ मध्ये ते कलकत्त्यास राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले व ‘वंदे मातरम्’ या पत्रात लिहू लागले. सुरतेची काँग्रेस फुटल्यावर, जानेवारी १९०८ मध्ये, बडोद्यास त्यांची विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याशी भेट झाली. लेल्यांची शिकवण साधी होती : विचार मनात उपजत नाहीत, बाहेरून येतात, उंबरठ्यावरच त्यांना ओळखून परतवावे. तीन दिवसांत अरविंदांचे मन निःशब्द झाले. त्याच अवस्थेत त्यांनी मुंबईत व्याख्यान दिले. कर्म सुटले नाही, हे विशेष.

त्या शांतीची कसोटी मात्र अलीपूरच्या तुरुंगात लागली. मे १९०८ मध्ये अटक झाली, आणि एकांतकोठडीत तेच मन आवरेनासे झाले. बुद्धिभ्रंश होईल की काय, असे भय त्यांना वाटले. पुढे प्रार्थनेने ते शमले. ‘काराकाहिनी’ या बंगाली ग्रंथात त्यांनी हे निःसंकोच नोंदविले आहे. काळ्या मुंग्यांच्या तावडीतून लाल मुंग्या सोडविण्याचा उद्योगही त्यांनी तेथे केला!

६ मे १९०९ रोजी ते निर्दोष सुटले, १९१० मध्ये पाँडिचेरीस गेले. तेथील त्यांच्या दैनंदिनीत समाधीच्या अनुभवांशेजारीच झोप, चालणे, शरीराची दुखणी यांच्याही नोंदी आढळतात.