पाटी-पेन्सिल ते सेवासदन : रमाबाई रानडे



कोचिंग म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर दहावी-बारावीचे क्लास येतात. पण एका माणसाने दुसऱ्याच्या शेजारी बसून, त्याला जमतं त्याच्या एकच पायरी वरचं काम देत देत त्याला आयुष्य बदलण्याइतकं धीट करणं, हेही कोचिंगच. याचं आपल्याकडचं फार जुनं उदाहरण म्हणजे रमाबाई रानडे. मुलांना निबंधासाठी हा लेख उपयोगी पडेलच, पण खरं तर मी तो तुमच्यासाठी लिहितेय.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं आडनाव कुर्लेकर. त्या घरी मुलींना शिकवायची पद्धत नव्हती. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचं लग्न झालं, तेव्हा त्या ११ वर्षांच्या आणि रानडे ३१ वर्षांचे. रानड्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणारा हा माणूस, पण वडिलांच्या आग्रहापुढे नमला आणि त्याने लहान मुलीशी लग्न केलं. त्यांच्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. मुलांना शिकवताना ही बाजू लपवू नये असं माझं मत आहे.

पण लग्नानंतर लगेच रानड्यांनी पाटी-पेन्सिल आणली आणि स्वतः अक्षरओळख सुरू केली. मराठी वाचता येऊ लागल्यावर पुढे इंग्रजी. आता त्या घराची कल्पना करा. रानड्यांची सावत्र आई, आत्या, इतर नात्यातल्या बायका, मोठं कुटुंब. सुनेने पुस्तक हातात धरलं की टोमणे सुरू. इंग्रजी शिकवायला युरोपियन शिक्षिका घरी येऊ लागल्यावर तर सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न उभा राहिला. रानडे या भांडणात सहसा पडत नसत. बोलणी निमूटपणे सोस आणि अभ्यास सोडू नकोस, एवढंच त्यांचं सांगणं. सोसायचं मात्र त्या पोरीला होतं, हे विसरून चालणार नाही. स्वतः रमाबाईंनी आठवणी लिहिताना घरातल्यांचं बोलणं झाकलेलं नाही आणि रानड्यांचा अबोलाही झाकलेला नाही. त्यांना न पटणारी गोष्ट रमाबाईंनी केली की ते रागावत नसत, बोलणंच बंद करत. तो अबोला त्यांना जास्त लागायचा.

पुढे रानड्यांची नाशिकला बदली झाली. तिथे पहिल्यांदा रमाबाई शाळेच्या समारंभात पाहुण्या म्हणून लोकांसमोर उभ्या राहिल्या. ते पहिलं भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. आपण स्नेहसंमेलनात मुलाला भाषण लिहून देतो, पण पुढच्या वर्षी पुन्हा आपणच लिहून देतो. गंमत अशी की इथे तसं झालं नाही. १८८४ मध्ये पुण्यात मुलींच्या हायस्कूलची मागणी करायला सभा भरली, तेव्हा गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचलं. मजकूर अजूनही रानड्यांचाच, पण भाषा परकी आणि ऐकणारे केवढे मोठे! घरी परतल्यावर कौतुक सोडाच, बायकांनी चांगलंच सुनावलं. त्याच वर्षी ती शाळा सुरू झाली, आपण तिला हुजूरपागा म्हणून ओळखतो. आणि काही वर्षांतच रमाबाई स्वतःच्या मनाने, मराठीत आणि इंग्रजीत बोलू लागल्या.

कलकत्त्याचा प्रसंग मला फार आवडतो. १८८६ च्या सुमारास सरकारी कामासाठी रानडे तिथे गेले. वयाच्या चाळिशीनंतर त्यांनी बंगाली शिकायला घेतलं आणि दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाही अडलेले शब्द विचारू लागले. एवढ्या मोठ्या न्यायाधीशाने न्हाव्याकडून शिकावं याचा रमाबाईंना संकोच वाटला. रानड्यांनी त्यांना दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. मग त्याही बंगाली शिकल्या. शिकवणारा स्वतः चुकत-माकत शिकताना दिसला की शिकणाऱ्याची भीती कमी होते, हे आपण वर्गात कितीदा पाहतो!

मुंबईच्या वर्षांत त्यांनी स्त्रियांचा क्लब काढला, भाषा, शिवणकाम, सामान्यज्ञानाचे वर्ग चालवले. आणि जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले.

खरी परीक्षा इथून सुरू होते. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या. त्या पुण्याला परतल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेरच पडल्या नाहीत. शिकवणाराच गेला, आता पुढचा धडा कोण देणार? मग हळूहळू त्या बाहेर आल्या. तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांना भेटू लागल्या, १९०४ च्या महिला परिषदेत पुढे राहिल्या. १९०८ मध्ये मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन निघालं, त्याच्या अध्यक्ष रमाबाई झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात स्वतःच्या राहत्या घरात त्यांनी सेवासदन सुरू केलं. विधवांना आणि गरजू बायकांना शिक्षिका करायचं, नर्स करायचं. नर्सचं काम तेव्हा घरंदाज बायकांना कमीपणाचं मानत. शिवाशिवीच्या त्या काळात परक्या रोग्याला हात लावायचा! लेकीसुनांना पाठवायला घरचे तयार नसत. रमाबाई एकेकीला समजावत, तयार करत. यातलं काही रानड्यांनी लिहून दिलेलं नव्हतं.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली तरुण विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली, तेव्हा प्रेक्षकांतली कॉलेजची मुलं तिला हसली. रमाबाई समारोपाला उठल्या आणि त्या मुलांना त्यांच्याच घरातल्या विधवा बहिणीची, आईची आठवण करून दिली. कधीकाळी लिहून दिलेलं भाषण वाचणाऱ्या बाई त्या दिवशी काहीही न लिहिता बोलल्या.

पुण्यात मुलींनाही सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून त्या झटल्या, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही होत्या. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये निघालं. शाळेच्या ग्रंथालयात असेल तर नाशिकच्या आणि कलकत्त्याच्या आठवणी आठवी-नववीच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. भाषा थोडी जुनी आहे, मुलांना दोन-चार शब्द सांगावे लागतील, पण ऐकतात.