ताराबाई मोडक आणि मानधनाचे अर्थकारण

शासनाचे धोरण घोषणेत ठरते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते आस्थापनेच्या तक्त्यात ठरते. किती पदे मंजूर झाली आणि त्यांच्यासाठी तरतूद किती, यावर त्याचे भवितव्य अवलंबून असते. पद्मभूषण ताराबाई मोडक यांच्या जीवनकार्याची परिणती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. राजकोट येथील प्राचार्यपद सोडून त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणकार्यात स्वतःस वाहून घेतले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. तेथे स्थिरावणे सोपे होते. तथापि १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डीस आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या.

वारली पाड्यावरील मूल शाळेत येत नाही, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार येथेच अंगणवाडीच्या रूपाने साकार झाला. शंखशिंपले, बिया, पाने हेच शिक्षणसाहित्य ठरले. साहित्य स्वस्त चालेल, परंतु शिक्षिका प्रशिक्षितच हवी, हे या प्रयोगाचे मर्म होते.

१९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. मात्र तिच्या सेविकेसाठी नियमित पद निर्माण झाले नाही. ती मानसेवी ठरली. वेतनाऐवजी मानधन आले. पद नाही म्हणून वेतनश्रेणी नाही आणि निवृत्तिवेतनाचा भारही नाही. तिजोरीचा हिशेब जुळला, परंतु पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी यांसह सहा सेवांचा बोजा एका सेविकेवर पडला आणि शिक्षण मागे सरले. ही पदे नागरी सेवेतील नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरविले. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सेविकांचा उपदानाचा हक्क मान्य केला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या बालकांचे शिक्षण पायाभूत मानले. धाकटी डहाणूच्या कोळीवाड्यापासून तलासरीच्या पाड्यांपर्यंत हा पाया घालण्याचे काम मात्र मानधनावरील सेविकेकडेच असेल, तर ताराबाईंच्या प्रयोगाचे केवळ नाव उरेल. ज्या कामास पद नाही, ते काम शासनाच्या लेखी गौणच राहते.