तराजूवाला शास्त्रज्ञ

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या!

नववीत 'लॉ ऑफ कॉन्झर्वेशन ऑफ मास'चा प्रयोग होता. मराठीत त्याला द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात, हे मला नंतर कळलं. बाटलीत व्हिनेगर, तोंडावर खायचा सोडा भरलेला फुगा. आधी वजन करायचं, सोडा आत पाडायचा, पुन्हा वजन करायचं. दोन्ही वजनं सारखी यायला हवीत. माझा फुगा निसटला आणि वजन २ ग्रॅम कमी भरलं. मी शेजारणीचं रीडिंग उतरवलं, जर्नलवर सही झाली, विषय संपला.

पुढे साताऱ्याहून इंजिनिअरिंगसाठी सांगलीला आले. इथे एकदा सहज लाव्हाझिएचं चरित्र हाती लागलं आणि ते २ ग्रॅम पुन्हा आठवले.

अंत्वान लाव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. तो पाच वर्षांचा असतानाच आई गेली. वडील वकील, म्हणून हाही वकिली शिकला, पण मन रमलं विज्ञानात. त्या काळी बऱ्याच जणांना वाटायचं, की पाणी खूप उकळलं की त्याची माती होते, कारण भांड्यात गाळ उरतो. पठ्ठ्याने बंद काचपात्रात पाणी तब्बल १०१ दिवस तापवलं! एकूण वजन होतं तेवढंच राहिलं. मग गाळ आला कुठून? त्याने नुसतं भांडं तोललं, तर त्याचं वजन घटलेलं. पाण्याची माती झालीच नव्हती, भांड्याची काच झिजली होती.

१७७४ मध्ये त्याने कथील बंद पात्रात तापवलं. वजन तेवढंच. तोंड उघडल्यावर मात्र हवा आत शिरली आणि वजन वाढलं. म्हणजे धातूने हवेतलंच काहीतरी घेतलं होतं! त्या वायूला त्याने पुढे ऑक्सिजन नाव दिलं. हा वायू प्रीस्टलीनेही वेगळा केला होता, पण त्याचं श्रेय द्यायला लाव्हाझिए कचरला, हेही खरं. १७८९ च्या आपल्या ग्रंथात त्याने द्रव्य अक्षय्यतेचा नियम स्पष्ट मांडला.

त्याची बायको मारी लग्नात अवघी १३ वर्षांची होती. ती त्याच्यासाठी इंग्रजी शिकली, भाषांतरं केली, उपकरणांची चित्रं काढली, प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या.

पण अचूक तराजूंना पैसा लागतो. राजासाठी कर वसूल करणाऱ्या कंपनीत १७६८ पासून त्याची भागीदारी होती आणि त्या कंपनीवर जनतेचा भयंकर राग होता. क्रांतीनंतर ८ मे १७९४ रोजी त्याला आणि त्याच्या सासऱ्यांना एकाच दिवशी गिलोटिनवर चढवलं. तो फक्त पन्नास वर्षांचा होता. त्याचं अपुरं राहिलेलं लिखाण पुढे मारीने प्रसिद्ध केलं.

आमचं साताऱ्यात किराणा दुकान आहे. रोजमेळात पाच रुपयांचा फरक आला तरी बाबा जेवायला उठत नाहीत. खिशातले पाच रुपये टाकून मेळ बसवणं त्यांना कधीच जमलं नाही. लाव्हाझिएही अगदी तसाच वाटला मला.

दिवाळीच्या सुट्टीत तो प्रयोग पुन्हा केला. कोल्ड्रिंकची जाड बाटली, अगदी थोडा सोडा, झाकण घट्ट. शेजारच्या सराफकाकांच्या काट्यावर वजन केलं. सोडा फसफसला, पण काटा हलला नाही. मग झाकण हळूच उघडलं. फुस्स! आणि वजन उतरलं.

म्हणजे नववीतलं माझं रीडिंग बरोबरच होतं. ते २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन वर्गातल्या हवेत गेले होते. वहीत खोटं होतं ते शेजारणीकडून उतरवलेलं!

सबमिशनच्या आदल्या रात्री आपण उत्तरावरून उलटी रीडिंग्ज काढतो, मीही काढलीत. या सेमिस्टरला मात्र आलं तेच लिहिलं. एका प्रयोगात उत्तर पार चुकलं. सरांनी कारण विचारलंय. शोधतेय!