समुद्रातील सीझियमचा माग काढणाऱ्या सारुहाशी

लहानपणी खिडकीच्या काचेवरून ओघळणारे थेंब पाहून पाऊस का पडतो, असा प्रश्न कात्सुको सारुहाशी यांना पडला. अणुचाचण्यांची राख पावसाबरोबर समुद्रात उतरू लागली, तेव्हा ती मोजण्याचे काम याच जपानी भूरसायनशास्त्रज्ञ महिलेने केले.

टोकियोत १९२० मध्ये जन्मलेल्या सारुहाशी यांनी हवामान संशोधन संस्थेत यासुओ मियाके यांच्यासमवेत संशोधन केले. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि किरणोत्सारी राखेने एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशी बाधित झाले. सारुहाशी व मियाके यांना जपानलगतच्या समुद्रात सीझियम-१३७ चे प्रमाण अनपेक्षितरीत्या जास्त आढळले. अमेरिकी तज्ज्ञांनी या आकड्यांवर शंका घेतली. तेव्हा १९६२ मध्ये त्या कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत गेल्या. तेथील तुलनात्मक चाचणीत त्यांची पद्धत अचूक ठरली.

सीझियमचा मोठा भाग प्रवाहांबरोबर दूर जातो. किनाऱ्यालगत मात्र चिकणमातीचे कण त्याला घट्ट धरतात आणि तळाशी गाळात साठवतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे असल्याने ही नोंद दीर्घकाळ टिकते.

टोकियो विद्यापीठाची रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला (१९५७). महिला शास्त्रज्ञांसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार १९८१ पासून दिला जातो. २९ सप्टेंबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, २०११ मध्ये फुकुशिमा दुर्घटना घडली आणि जपानच्या किनाऱ्यावरील गाळात शास्त्रज्ञ पुन्हा सीझियम मोजू लागले.