पंडित विष्णु नारायण भातखंडे : गळ्यातलं गाणं वहीत आणणारे वकील



आमची शाळा खोपटला, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. मागच्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी गायनाच्या परीक्षेची वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत सा, रे, ग, म अशी अक्षरं. काहींच्या खाली आडवी रेघ, काहींच्या डोक्यावर टिंब, काहींच्या पायाशी टिंब. खालच्या ओळीत फुली, शून्य आणि आकडे. ही चिन्हं कोणी ठरवली, असं तिने विचारलं. तिला नाव सांगितलं आणि ती पळाली. पण नुसत्या नावाने या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होत नाही, म्हणून आजचा पाठ.

आधी जरा युरोपकडे बघू. एकोणिसाव्या शतकात तिथे गाण्याची छापील पानं घरोघरी पोहोचली होती. पाच रेघांवर मांडलेले स्वर विकत आणायचे आणि घरच्या पियानोवर वाजवायचे. बाख हा संगीतकार 1750 साली वारला. त्याचं सगळं संगीत शोधून, तपासून छापण्यासाठी 1850 साली जर्मनीत एक संस्था निघाली आणि ते काम जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. मोझार्टच्या रचना इकडे तिकडे विखुरल्या होत्या. त्यांची क्रमवार यादी करून 1862 साली ती छापली ती लुडविग फोन केशेल या गृहस्थाने. हा पेशाने गवई नव्हता. कायदा शिकलेला, राजघराण्यातल्या मुलांना शिकवणारा, वनस्पतींचा आणि खनिजांचा नाद असलेला माणूस. आजही मोझार्टच्या रचना केशेलच्या क्रमांकाने ओळखल्या जातात.

तिथे निदान पानं तरी होती, ती गोळा करायची होती. आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे बंदिशी होत्या त्या माणसांच्या गळ्यात. उस्तादाने शिष्याला समोर बसवून शिकवायचं, शिष्याने घोकून पाठ करायचं. लिहून ठेवायची पद्धत जवळपास नव्हतीच. त्यातून एखादी दुर्मीळ चीज म्हणजे घराण्याची पुंजी. काही घराण्यांत मुलीच्या लग्नात चिजा आहेर म्हणून दिल्या जात, असं सांगतात. ती पुंजी सांभाळणारा माणूस वारसाशिवाय गेला, की गाणंही त्याच्याबरोबर जायचं.

हे थांबवायला उभा राहिला तोही वकीलच! विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा. लहानपणी बासरी, मग सतार. कॉलेजचं शिक्षण चालू असतानाच 1884 साली ते मुंबईतल्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. पारशी मंडळींनी पुढाकार घेऊन काढलेली ही संस्था. तिथे त्यांनी रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपद आणि अली हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. 1885 साली बी.ए., 1887 साली एल्‌एल.बी. मुंबईत वकिली, काही काळ कराचीतही. म्हणजे चारचौघांसारखं सुखाचं आयुष्य समोर होतं.

मग 1900 साली पत्नी गेली आणि 1903 साली मुलगी. घरात कोणी उरलं नाही. अशा वेळी माणूस खचतो. भातखंड्यांनी वकिली मागे टाकली आणि वही घेऊन देश पालथा घालायला निघाले.

1904 साली ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुराई करत एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले. दीक्षितरांनी त्याच वर्षी कर्नाटक संगीतातल्या रचना स्वरांसह लिहून छापल्या होत्या. सतराव्या शतकातल्या व्यंकटमखीची 72 मेळांची मांडणीही भातखंड्यांनी अभ्यासली. पुढे हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत विभागणी करताना हा अभ्यास त्यांच्या कामी आला. नंतरच्या वर्षांत नागपूर, कलकत्ता, अलाहाबाद, बनारस अशी भ्रमंती झाली. जिथे जुनी पोथी असेल तिची नक्कल करून घ्यायची. जिथे जाणता गवई असेल तिथे शिष्य होऊन बसायचं.

सगळे काही दारं उघडून बसले नव्हते. एका परक्या माणसाने येऊन घरची पुंजी वहीत उतरवून घ्यायची, हे कित्येकांना पटत नव्हतं. आणि त्यांचं तरी काय चुकलं? त्या चिजांवरच त्यांची भाकरी होती. पण जयपूरच्या महंमद अली खाँसारख्या थोर गवयाने मन मोठं केलं आणि त्यांच्या घराण्याच्या कितीतरी बंदिशी भातखंड्यांना मिळाल्या. रामपूरच्या दरबारातल्या गवयांकडूनही त्यांनी घेतलं.

आता लिहायचं कसं? भातखंड्यांनी आपल्याच अक्षरांत सोपी पद्धत बसवली. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. खाली टिंब मंद्र सप्तकाचं, वर टिंब तार सप्तकाचं. फुली म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर त्यांच्याखाली कंस. अक्षर लांबवायचं असेल तर अवग्रह. बस, इतकंच! छापखान्यातल्या साध्या खिळ्यांनी काम भागलं आणि शाळकरी मुलालाही ते वाचता येऊ लागलं.

या वह्यांतून क्रमिक पुस्तक मालिका तयार झाली. सहा भाग आणि अठराशेच्या आसपास बंदिशी. पहिल्या भागात प्रत्येक थाटाचा एक असे दहा राग, मग हळूहळू अवघड राग. नावातच क्रमिक आहे बघा. आपण पाठ्यपुस्तकात सोप्याकडून अवघडाकडे जातो, अगदी तसं. हिंदुस्थानी संगीत पद्धती हा शास्त्राचा मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, तोही गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. यातली बरीच पुस्तकं त्यांनी स्वतःच्या नावाने न छापता टोपणनावाने छापली.

पुस्तकं झाली, पण शिकवणार कोण? 1916 साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. 1918 साली ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय आणि 1926 साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झालं. लखनौच्या त्या कॉलेजचं आज भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ झालं आहे. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते काम पुढे वर्षानुवर्षं सांभाळलं. 1933 साली भातखंड्यांना पक्षाघाताने अंथरुणाला खिळवलं आणि 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेश चतुर्थीला, ते गेले.

मुलांना थोरांची चरित्रं सांगताना आपण फक्त गोड बाजू सांगतो. इथे दुसरी बाजूही सांगा. उस्तादांना गाता येतं पण शास्त्र कळत नाही, असं भातखंड्यांचं मत होतं आणि त्यात त्यांचा सूर कडक असे. अनेक गवयांना ते लागलं. शिवाय एकच बंदीश दोन घराण्यांत वेगळ्या शब्दांनी, वेगळ्या वळणाने गायली जाते. कागदावर उतरवताना त्यातलं एकच रूप घ्यावं लागतं आणि मग तेच बरोबर असं लोक धरून चालतात. मींड, आंदोलन, आवाजाचा लगाव हे तर कोणत्याच चिन्हात पुरतं मावत नाही. त्यासाठी गुरूच लागतो. ज्या उस्तादांना त्यांनी अशास्त्रीय म्हटलं, त्यांच्याच गळ्यातून ही पुस्तकं भरली, हेही विसरू नये.

तरीसुद्धा एक गोष्ट खरी. ज्या मुलीच्या सात पिढ्यांत कोणी उस्तादाच्या दाराशी गेलं नसेल, ती आज खोपटच्या दोन खोल्यांच्या घरात बसून दीडशे वर्षांपूर्वी जयपुरात गायली जाणारी चीज वाचू शकते. जन्माने मिळणारी विद्या भातखंड्यांनी वही-पेन असणाऱ्या प्रत्येकाला मिळवून दिली. माझ्या मते त्यांचं मोठेपण यात आहे.

आता शिक्षक आणि पालकांसाठी एक उपक्रम. प्रत्येक मुलाने घरातल्या आजीला किंवा आजोबांना एक जुनं गाणं म्हणायला सांगावं. जात्यावरची ओवी, पाळणा, भोंडल्याचं गाणं, आगरी-कोळी लग्नातलं गाणं, काहीही चालेल. शब्द जसेच्या तसे लिहावेत, आपल्याला चुकीचे वाटले तरी सुधारू नयेत. कोणी म्हटलं, त्यांचं गाव कोणतं, ते कोणाकडून शिकले आणि तारीख, या चार गोष्टी खाली लिहाव्यात. मोबाईलवर चालही रेकॉर्ड करावी. आणि त्याआधी आजीची परवानगी विचारावी, कारण गाणं तिचं आहे.

आमच्या वर्गाने हे सुरू केलं आहे. पहिल्या दिवशी चार ओव्या आल्या. एका मुलाने मात्र सांगितलं, की त्याची आजी खूप गाणी म्हणायची, पण ती गेल्या दिवाळीत गेली आणि आता घरात कोणालाच ती येत नाहीत. वर्ग जरा वेळ गप्प बसला. मग तोच मुलगा म्हणाला की गावाला आजीची धाकटी बहीण आहे, तिला विचारतो. या सुट्टीत तो वही घेऊन जाणार आहे. तुमच्याकडची मुलंही पाठवा.